नूरुद्दीनभाईंच्या हॅटला दिलेली वाफ

अजमान,
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप मुकुंददादांस,

भानुदासचा शिरसाष्टांग नमस्कार. (यातल्या ‘शिर’पाशी येताच पेन अडलं. का ते पुढे कळेल.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे सुलक्षणाचं आणि रुचाचं. माझं विचारू नका. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी परसात लावलेली मेथी लेस्टरच्या थंडीत वर आली का? व्हॉट्सॲप सोडून हा भानुदास पत्र का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. पण फॅमिली ग्रुपवर काही टाकलं की ते गुहागरच्या आत्याकडे जातं, आणि आत्या त्याला तिखटमीठ लावून मलाच परत पाठवते. ही गोष्ट पाकिटात घालून, डिंक लावून पाठवण्याच्या लायकीची आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर नूरुद्दीन परकार राहतात, श्रीवर्धनकडचे, निवृत्त इंजिनीअर. तुम्ही आला होतात तेव्हा लिफ्ट बंद पडली म्हणून तुमची बॅग उचलून वर आणणारे ते हेच. त्यांच्या पत्नी हव्वाबी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला येतात, सुलक्षणाशी कालवणांवर वाद घालतात आणि उठताना दाराशी आपली तपकिरी हॅट डोक्यावर ठेवून दोन बोटांनी पुढे ओढतात. टोपी म्हटलेलं त्यांना चालत नाही. ‘टोपी नमाजाची, भानुदास, ही हॅट,’ असं त्यांनी मला अनेकदा सुनावलंय. मोईनकडे, म्हणजे मुलाकडे, इंग्लंडला गेले असताना हव्वाबींनी ती एका जुन्या हॅटवाल्याकडून त्यांना घेऊन दिली होती. आत चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत नाव: पिकलवेट अँड सन्स.

आता रुचाच्या, दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या, कंपनीने मार्चमध्ये सगळ्या स्टाफला घरच्यांसकट घोड्यांच्या शर्यतींना नेलं, आणि निमंत्रणात लिहिलं की हॅट घालून यावं. दादा, मी जन्मात डोक्यावर काय घातलंय? शाळेत गांधी टोपी, लग्नात मुंडावळ्या आणि केटरिंगच्या किचनमध्ये ती जाळीची पिशवी. रुचा म्हणाली, ‘बाबा, इट्स ऑप्शनल.’ पण मला ऑप्शनल हा शब्द आव्हानासारखा ऐकू येतो. (बुफेमध्येसुद्धा.) मी नूरुद्दीनभाईंकडे हॅट मागितली. ते क्षणभर थांबले. ते थांबले हे मला दिसलं होतं, आणि तरी मी हात मागे घेतला नाही, हे इथेच नमूद करतो. मग ते म्हणाले, ‘ने. तिलाही कुठे बाहेर जायला मिळत नाही.’

हॅट मला शोभली हो. आरशात पाहिलं तर कोणी चहाचे मळे असलेला माणूस वाटत होतो. रुचाच्या मॅनेजरने तर दोनदा ‘सर’ म्हटलं. गर्दीत उकाडा झाला तेव्हा मी ती काढून मांडीवर ठेवली. तेवढ्यात आम्ही ज्याला जीव लावला होता तो घोडा पुढे आला, सगळे उठले, मीही ओरडत उठलो. घोडा पाचवा आला आणि मी खाली बसलो. हॅट तोवर घसरून खुर्चीवर आली होती, त्यामुळे बसलो तो हॅटवर. माझं वजन तुम्ही पाहिलेलं आहे.

एवढ्यावर भागलं असतं. हॅट चेपली होती, मेली नव्हती. मोबाइलवर एका विलायती कारागिराचा व्हिडिओ सापडला. तो चेपलेली हॅट किटलीच्या वाफेवर धरतो, अंगठ्याने हलकेच दाबतो, झालं. मी म्हटलं, हा बिचारा किटली घेऊन बसलाय आणि माझ्याकडे लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढ्या इडल्या उकडणारं स्टीमरचं कपाट आहे! मी हॅट ताटात ठेवली, कपाटात सरकवली, दार लावलं. ‘जरा वाफ दाखवायची’ एवढाच हेतू. इतक्यात शारजाहून एका गृहस्थांचा फोन आला. डोहाळजेवणाची ऑर्डर होती, आणि पुरणपोळीवरचं तूप हा वेगळा आयटम धरायचा की नाही यावर ते बोलत राहिले. मी फोन ठेवला तेव्हा आमचा कुक राहिल कपाटापाशी उभा राहून विचारत होता, ‘सेठ, ये कौनसा आयटम है?’

दादा, ती नारळाच्या करवंटीएवढी झाली होती. चामड्याची पट्टी आक्रसून चकलीसारखी वळलेली, साइझची चिठ्ठी विरघळलेली, आणि वास कशाचा ते सांगायला नको. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं. इथे दुसऱ्याची टोपी घालून मी स्वतःच फसलो.

नूरुद्दीनभाई विचारत नव्हते, हे जास्त वाईट. रोज चहाला यायचे, उठताना सवयीने हात डोक्याकडे जायचा आणि रिकामा खाली यायचा. मी खिडकीबाहेर बघायचो. मग एक दिवस म्हणाले, जूनमध्ये मोईनकडे चाललोय, नातीचं लग्न आहे, तेव्हा ती हॅट लागेल. मी म्हटलं, ‘ड्राय क्लीनला दिलीय.’ सुलक्षणाने माझ्याकडे असं पाहिलं की माझा चहा गार झाला.

मी पिकलवेटांना फोन लावला. पलीकडे एक वयस्कर बाई, आवाज साखरेसारखा. मॉडेल वर्णनावरून लगेच ओळखलं, म्हणाल्या, अजून बनवतो. मग विचारलं, डोकं लाँग ओव्हल की रेग्युलर ओव्हल? मी गोल पदार्थांचा व्यापारी, डोक्यात लांबट आणि साधं असा भेद असतो हे मला आयुष्यात प्रथम कळलं. तुमचे मित्र दुकानात येऊ शकतील का, असं विचारलं तेव्हा मी घाईत म्हटलं, ‘नो नो मॅडम, फ्रेंड मस्ट नॉट नो!’ मग त्या म्हणाल्या, ‘ओह, अ सरप्राइज! हाउ लव्हली!’ मी येस म्हटलं. एका देशात खोटं पुरेना म्हणून मी दुसऱ्यात सुरू केलं.

आता माप कसं घ्यायचं? आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर मी आहे (जेवण माझं असतं म्हणून). मी ठराव मांडला की महाराष्ट्र दिनाला ज्येष्ठांचा फेटा बांधून सत्कार करावा, पहिला मान नूरुद्दीनभाईंना. सगळ्यांना कल्पना इतकी आवडली की माझंच अभिनंदन झालं. त्या दिवशी फेटेवाल्याच्या आधी मी टेप घेऊन पुढे झालो. नूरुद्दीनभाई म्हणाले, ‘भानुदास, फेट्याला माप कधीपासून लागायला लागलं?’

‘नवीन पद्धत आहे,’ मी म्हटलं.

माप मिळालं. मी निसटणार होतो, तेवढ्यात त्यांना माइक दिला. ते म्हणाले, उमेदीची सगळी वर्षं या वाळूत गेली, इमारती उभ्या केल्या, पण नाव घेऊन स्टेजवर कोणी बोलावलं नव्हतं. ‘बायको गेल्यापासून माझ्या डोक्याची काळजी करणारं कोणी राहिलं नाही असं वाटायचं. आज भानुदासने केली.’ सभागृह उभं राहिलं. सुलक्षणा रडत होती. मी टेप खिशात कोंबून बॅनरच्या मागे गेलो आणि जेवण वाढायची वेळ होईपर्यंत तिथेच राहिलो.

नवी हॅट आली. हुबेहूब तीच, तोच रंग, तीच सोनेरी अक्षरं. मी तिच्यावर थोडी धूळसुद्धा लावली, इतका खाली गेलो होतो. चहाच्या वेळी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोक्यावर ठेवली, दोन बोटांनी पुढे ओढली, आणि तसेच उभे राहिले.

‘ही माझी हॅट नाही.’

‘तीच आहे, नूरुद्दीनभाई. धुतल्यामुळे—’

‘भानुदास, ही मला बसते.’

मग त्यांनी सांगितलं. हव्वाबींनी ती अंदाजाने घेतली होती, त्यांना चकित करायचं म्हणून. पहिल्या दिवसापासून लहान होती, घातली की कपाळ दुखायचं. ‘बदलून आणू या म्हटलं असतं तर तिचा चेहरा उतरला असता. म्हणून दुखली तरी घातली.’

मी तांदळाच्या गोणींमागून ती करवंटी आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि घोड्यापासून इडलीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ती तळहातावर घेतली, नाकाशी नेली, आणि म्हणाले, ‘हव्वा असती तर हसून लोळली असती. मला अजून तेवढं जमत नाही.’ करवंटी घेऊन ते खाली गेले. नवी खुर्चीवरच राहिली. मी नंतर ती राहिलच्या हाती खाली पाठवली. स्वतः जायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर ते लिफ्टमध्ये सलाम करतात, पण चहाला येत नाहीत. सुलक्षणा अजून चार कप मांडते आणि एक परत ठेवते. मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
भानुदास

ता.क. खरं काम राहिलंच. मोईनचं घर तुमच्यापासून लांब नाही. नूरुद्दीनभाई तिकडे आले की त्यांना जेवायला बोलवा. वहिनींनी काहीही करावं, फक्त इडली करू नये. माझा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला, तर कोणत्या आवाजात काढला तेवढं कळवा.

ता.क. दुसरा. दादा, हे लिहायला लाज वाटते. नवी हॅट देण्याआधी मी एकदा घालून पाहिली होती. मलाही ती बरोबर बसते. पिकलवेटबाईंकडे माप आहेच. त्याच मापाची एक, रंग राखाडी, पुढच्या वेळी इकडे याल तेव्हा आणाल का? सुलक्षणाला कळू देऊ नये. पाकीट पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय, पण ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

ता.क. तिसरा. ती. दादांना सुलक्षणाचा नमस्कार. डिंक नीट लागला नव्हता. हॅट आणू नये. नूरुद्दीनभाईंकडे मी सकाळीच जाऊन आले. ती छोटी हॅट त्यांनी हव्वाबींच्या फोटोशेजारी ठेवलीय, आणि बघून रोज हसू येतं म्हणाले. उद्यापासून चहाला येणार आहेत. यांना मी अजून सांगितलेलं नाही. आजचा दिवस लाजू देत.