छत्री समुद्राच्या बाजूला

लंडन,
१४ मे १८५५

चि. लेटी,

अनेक आशीर्वाद. आईचा खोकला उतरला आहे. मांजरीने पुन्हा जिन्याखाली पिल्लं घातली. माझ्या लग्नाच्या पोशाखाचं कापड मिस्टर टॅपस्कॉटनी आपल्याच दुकानातून पाठवलं. होणाऱ्या नवऱ्याचंच दुकान असलं की घासाघीस करायची सोय राहत नाही.

गुरुवारी मॉडमावशीबरोबर चित्रप्रदर्शनाला गेले होते. यंदा सगळं लंडन एकाच चित्रापुढे लोटलं आहे. गेल्या उन्हाळ्यातला रॅम्सगेटचा किनारा. मुंगीला शिरायला जागा नाही, चित्रातही आणि चित्रापुढेही. गाढवं, दुर्बिणी, पाण्यात किंचाळणारी मुलं, वर्तमानपत्राखाली घोरणारे आजोबा. एका बाईची टोपी मावशीला इतकी आवडली की ती तिथून हलेना.

कोपऱ्यात काळ्या क्रेपच्या, विधवांच्या सुतकी कापडाच्या, पोशाखातली एक तरुणी आहे. तोंडावरची जाळी वर सारून हसते आहे. शेजारी एक गृहस्थ छत्री धरून उभे.

माझ्यापुढचे एक जाडे साहेब म्हणाले, "एवढा मोठा चित्रकार, पण ऊन कुठून येतं ते कळेना! सूर्य डावीकडे नि छत्री उजवीकडे!"

"तुम्हाला तरी कुठे कळतं?" त्यांची बायको म्हणाली. "मार्गेटच्या किनाऱ्यावरून उन्हाने नाक सोलून आलात ते विसरलात वाटतं!"

सगळे हसले. मीही हसले.

चित्रकार चुकला नाही, लेटी. उजवीकडे समुद्र आहे. क्रेपवर खारे तुषार उडाले की डाग पडतात आणि कापड कामातून जातं. हे विधवांना माहीत असतं, नाहीतर कापडवाल्यांना. चित्रकाराने फक्त पाहिलं ते काढलं. त्याने तुला पाहिलं, आणि मिस्टर टॅपस्कॉटना.

ते तेव्हा माल घ्यायला ब्रॅडफर्डला गेले होते, निदान मला तसं सांगितलं होतं. तू तर रॅम्सगेटहून लिहिलं होतंस की खोलीबाहेर पाऊलही टाकत नाहीस. माझ्याबरोबर चालताना भर पावसातही त्यांची छत्री त्यांच्याच डोक्यावर असते.

मी त्यांना सरळ विचारलं. नाही म्हणाले असते तर विश्वास ठेवला असता. ते हातातली टोपी फिरवत बसले.

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण तुझा एडविन गेल्यापासून तुला हसताना मी पाहिलं नव्हतं, हेही खरं.

काल रविवारी चर्चमध्ये आमच्या लग्नाची तिसरी, शेवटची घोषणा करून कुणाची हरकत आहे का ते विचारणार होते. म्हणून शनिवारीच पाद्रीबुवांकडे जाऊन सांगितलं की या लग्नाला हरकत आहे. ते चष्मा शोधत म्हणाले, "हरकत? कुणाची?"

म्हटलं, "नवरीची."

तुझं काळं उतरलं की खुशाल लग्न कर. लोक काय, दोन दिवस बोलतील. फक्त त्यांना 'जावईबापू' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. वळेल तेव्हा मीच कळवीन. तोवर इकडे येऊ नकोस.

अजूनही तुझी ताईच,
प्रुडन्स