बेट बंद

२६ जानेवारी २०२४

झाला! ठराव पास झाला. वणा नदीतल्या आमच्या बेटावर आता बाराही महिने बकऱ्या नाहीत, कुत्री नाहीत, पार्ट्या नाहीत. ग्रामसभेत एवढे हात वर गेले की मीच बघत राहिले. सरपंच झाल्यापासून पहिलं काम, जे पूर्ण माझ्या मनातलं.

उन्हाळ्यात सुरय पक्षी तिथे अंडी घालतात. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. घरटं असं नाहीच, उघड्या वाळूत नुसता खळगा. गेल्या उन्हाळ्यात सगळी अंडी बकऱ्यांच्या खुरांखाली गेली. फुटकी कवचं मी हातात घेऊन बसले होते. तेव्हाच ठरवलं होतं.

गोपालला बेटावर बोटिंग सुरू करायचं होतं. म्हणाला, "वहिनी, पाखरं मत देतेत का?"

म्हटलं, "नाई देत. म्हनून त त्याइच्यासाठी तुमचं मत मागून राह्यली."

सगळे हसले. त्याचाही हात वर!

एकच हात खाली राहिला. मामाजींचा. बेटावर चरायच्या त्या बहुतेक बकऱ्या त्यांच्याच. सासरा आणि सरपंच सून एकाच घरात! असू दे. नियम म्हणजे नियम.

२८ जानेवारी

हे सेवाग्रामहून आले, दवाखान्याला सुट्टी होती. मामाजी माझ्याशी बोलत नाहीत हे जेवतानाच कळलं त्यांना. आम्हा दोघांच्या मधे बसून मुकाट्यानं टीव्ही पाहिला. हुशार माणूस!

११ मार्च

आले!! बेटावर सुरयच सुरय.

२ मे

पिलं. वाळूच्याच रंगाची. मोजायला मी एकटीच गेले; हललं म्हणून कळलं, नाहीतर पाय पडला असता. काठावर पोरंसोरं, बाया, म्हातारे, सगळे पाहायला. कुणी पाण्यात उतरलं नाही. कुणाला सांगावं लागलं नाही. गाव मनावर घेतं तेव्हा असं घेतं!

मामाजी नाही आले.

३ ऑक्टोबर

पाऊस बेताचा. यंदा पूर बेटावर चढलाच नाही. काठावरून सगळं हिरवंगार दिसतं. किती छान दिसतं.

४ डिसेंबर

टिक्की मेली.

बेट बंद, म्हणून मामाजी बकऱ्या जाम गावाच्या मोठ्या रस्त्याकडे नेतात. ट्रकनं उडवली. त्यांची सगळ्यात लाडकी, कानावर पांढरा ठिपका असलेली. खांद्यावर टाकून चालत घरी आणली. ओसरीत ठेवली. इतक्या महिन्यांनी माझ्याशी बोलले ते एवढंच — "बेटावर टरक नोहता, सूनबाई."

आत येऊन रडले. पण ठराव बरोबर आहे. पिलं उडालेली मी पाहिली आहेत. बरोबरच आहे.

१६ मार्च २०२५

सुरय आले. घिरट्या घातल्या, ओरडले, आणि गेले. बेटावर उतरलेच नाहीत. असं कसं?

१८ मार्च

नाव घेऊन बेटावर गेले. वाळू कुठे आहे? कमरेएवढं वाळलेलं गवत, मधे मधे बेशरमाची झुडपं माजलेली. पाय ठेवायला जागा नाही, तर अंडी कुठे घालणार?

तिथेच उभी राहिले. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला! हिवाळाभर हे गवत खात कोण होतं? बकऱ्या. अंडी तुडवत होत्या त्याच, अन् अंड्यांना जागा करून देत होत्या त्याही त्याच. बंदी उन्हाळ्याची हवी होती. मी घातली वर्षाची.

सुरय खालच्या अंगाला, काठाला लागून असलेल्या गोट्यांवर बसलेत. तिथे कुत्री सहज जातात. यंदा काही वाचेल असं वाटत नाही.

वाईट वाटलं. फार. पण कारण सापडलंय, आणि जे सापडलं ते दुरुस्त होतं.

घरी येऊन सरळ मामाजींपुढे बसले. म्हटलं, "मामाजी, तुमच्या बकऱ्या बेटावर पायजे मले."

"आता काऊन?"

सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मले काय ठाव पाखराचं? मी त चारा पाहत होतो." मग — "टिक्की गेल्यावर सांगून राह्यली हे?"

"हो, मामाजी. टिक्की गेल्यावर."

उठून गोठ्यात गेले. मी हललेच नाही. परत आले ते चहा सांगूनच. दोघांचा.

१ मे

ग्रामसभा. नवा ठराव मीच मांडला. पावसाळा सरला की बकऱ्या बेटावर, संक्रांतीला बाहेर, मग पिलं उडेपर्यंत कुणीही नाही. आधी उभं राहून सांगितलं: माझं अर्धं चुकलं होतं.

गोपाल सोडतो काय! "वहिनी, मागच्या साली बकऱ्या वाईट. औंदा चांगल्या?"

"पाखरं सांगून राह्यले, गोपालभाऊ. मी ऐकून राह्यली."

कुणी हसलं नाही. मग मामाजीच उठले. "संक्रांतीले माह्या बकऱ्या मी सोता वापस आणीन. कोनी मले सांगाले येऊ नोका." खाली बसले. टाळ्या! मला मान वर करवेना, डोळे भरलेले.

पास झाला. आत्ताचं वाळलेलं गवत आम्हीच कापू, येत्या हिवाळ्यापासून बकऱ्या. आता जमतंय.

६ मे

वरच्या साहेबांचा फोन, समुद्रपूरच्या तालुका कचेरीतून. फार खूश. नदीकाठच्या सगळ्या गावांना आदेश निघाला — बेटं बाराही महिने बंद. "मॅडम, तुमचाच पहिला ठराव! एक शब्दही बदलला नाही."

मामाजींना सांगितलं. त्यांनी पायात चपला घातल्या. "चाल. समुद्रपूरची बस येतेच आता."