डाव्या सीटचं वजन

नवघर, भाईंदर (पूर्व)
२ मार्च २०२५

ती. बबनकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. चाळीस वर्षं पत्रा ठोकून तुमचे कान गेले. त्याच पत्र्याबद्दल विचारायचं आहे.

बाबांच्या माघारी पडून असलेली पद्मिनी गाडी मी उघडली. दारांखालच्या पट्ट्या गंजून हातात आल्या. नव्या वेल्ड केल्या, पुढची दोन्ही दारंही नवी बसवली. फट सगळीकडे चार मिलिमीटर, मोजून. मग गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर ठेवली, तर उजव्या दाराची वरची कड मधल्या खांबाला घासते. तिथे फट एक, खाली सात. बिजागरीत वॉशर घालून पाहिले. वर सुटलं की पुढे अडकतं.

इमारत पुनर्विकासाला जाते आहे, ३१ तारखेला शेड रिकामी करायची आहे. तोवर दारं लागली तर गाडी माझी, नाहीतर भंगारात, असं मी परागला कबूल केलं आहे. आई त्याच्याकडे पुण्यात आहे, बरी आहे. मीही बरी आहे.

काय चुकलं तेवढं कळवावं. लोभाचं नंतर पाहू.

आपली पुतणी,
संचिता


आबलोली, ता. गुहागर
८ मार्च

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू बरी आहेस हे वाचलं. जेवतेस का, ते लिहिलेलं नाहीस.

तुझी मापं बरोबर आहेत, गाडी चुकीची उभी होती. घोडे तळाखाली मधोमध लावलेस ना? तशी गाडी दोन्ही टोकांनी लोंबते. चाकांवर आली की मधे बसते. दार होतं तिथेच आहे, चौकट हलली. आणि तू ती लोंबलेली असतानाच वेल्ड केलीस. डिप्लोमावाल्यांनी हे शिकवलं नसेल. त्यांची गाडी फळ्यावर असते.

पट्ट्या परत काप. चाकांवर उभी करून नुसते टाके मार, दारं लाव, मग पूर्ण वेल्डिंग. आणि सीटवर वजन ठेव. जी माणसं बसणार त्यांचंच, उगाच अंदाजाने नको. तुझा बाप ड्रायव्हर सीटवर पेपर घेऊन बसायचा आणि मी बिजागरी फिरवायचो. पान उलटताना हलायचा. मी शिव्या द्यायचो, मग तो पुढची बातमी मोठ्याने वाचायचा. तेव्हा ऐकू यायचं मला.

वेळेवर जेव. राग माझ्यावर काढ, पत्र्यावर नको.

तुझा,
बबनकाका


नवघर
१६ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

घोडे मधोमधच होते. पट्ट्या कापल्या, दोन दिवस लागले.

उजव्या सीटवर अठ्ठावन्न किलो वाळू ठेवली. ते माझं वजन. मीच आत बसले तर बोल्ट कोण आवळणार? बाबांच्या बसण्याने सीटला खळगा पडला आहे, पोतं त्यात नीट बसलं. उजवं दार आता सगळीकडे चार. लावताना फक्त एकदा वाजतं.

डावी सीट रिकामी ठेवली. तिथे कोणी बसणार नाही, त्यामुळे काम कमी झालं. तेही दार चार आहे. पूर्ण वेल्डिंग पुढच्या रविवारी, २३ तारखेला करेन.

डबा लावला आहे. एकाचा डबा जास्तच होतो.

माया कमी होऊ देऊ नये.

आपली,
संचिता


आबलोली
१९ मार्च

चि. संचितास आशीर्वाद.

डाव्या बाजूचं वेल्डिंग थांबव. तिथे चौसष्ट किलो ठेव.

आज आरोग्य केंद्रात जाऊन काट्यावर उभा राहिलो. चपला काढून. नर्सने कुठे दुखतं विचारलं असावं. मी गाडीचं दार लावायचं आहे म्हणालो. तिने माझा रक्तदाबही तपासला.

मला ऐकू येत नाही, पण बसता येतं. मुर्ध्याच्या खाडीपर्यंत नेलीस तरी पुष्कळ. मी बोलणार नाही. दार जोरात आपटू नकोस म्हणून तेवढं सांगेन.

जिथे असशील तिथे सुखी राहा.

तुझा,
काका


नवघर
२३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

डावीकडे चौसष्ट किलो ठेवल्यावर वरची फट तीनवर आली. बिजागरी फिरवून चार केली. दोन्ही बाजूंचं वेल्डिंग आज दुपारी झालं. परागला तसं कळवलं आहे.

पाडवा ३० तारखेला आहे. त्या दिवशी सकाळी गाडी शेडमधून बाहेर काढायची.

वाळूची दोन्ही पोती मी उतरवली आहेत. उजवीकडे मी बसेन. डावी सीट रिकामी असली की वरची फट पाच दिसते. एक मिलिमीटर जास्त. येता-जाता माझं लक्ष तिथेच जातं.

२९ पर्यंत यावं. डबा दोघांचा सांगितला आहे.

आपली,
संचिता