ट्रुडी मेची जागा

प्रिय ताई,

हे पत्र कधीच लिहायला हवं होतं, मान्य. कागद आणला, पेन आणलं. पेन चालेना म्हणून दुसरं आणायला खाली उतरलो, तर ब्लॉकमधल्या एका आजोबांचा पोपट उडालेला. तो शोधण्यात संध्याकाळ गेली. (सापडला. झाडावर बसून आजोबांनाच शिव्या देत होता.) मग पाऊस, मग काम, मग नुसताच कंटाळा. पण तूच म्हणाली होतीस ना, घरचं काही सांगायचं असेल तर पत्र लिही, फोनवर मागून आईचा आवाज येतो. तर घे, आता वाच माझं अक्षर.

आधी माझी हालहवाल. कुत्री फिरवायचं काम सोडलं. कुत्री गुणी होती, मालक चावायचे. सध्या एका नर्सरीत कुंड्या उचलतो आणि लोकांना सांगतो की तुमचं झाड मेलं नाहीये, झोपलंय. यिशुनमधली खोली तीच, मालकीण लिम आंटी तीच, आणि आईचा नियमही तोच: मला धड नोकरी लागेपर्यंत ती या खोलीची पायरी चढणार नाही. त्यामुळे दर रविवारी मीच बेडोकला आईबाबांकडे जेवायला जातो. बाबा निवृत्त झालेत हे विसरून अजूनही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात आणि मग त्याच शर्टात कोथिंबीर निवडतात.

हां, मुद्दा. मुद्दा राहिलाच. ताई, ट्रुडी मे परत आली!

खरंच. आपल्या लहानपणच्या त्या कार्टूनच्या, ‘द टर्निप्स’च्या, नव्या भागात. तू इपोहला टीव्हीच ठेवला नाहीस, म्हणजे तुला कोण सांगणार? मला नर्सरीतल्या एका पोराने सांगितलं आणि मी हातातली कुंडी सोडली. (माझ्या पायावर. नख काळं पडलंय, बाकी ठीक.) त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं, आमच्या घरातली बाई आहे ती. गुलाबी बूट, केसांचा तो डोंगर, आणि गिटारीवर ते गावरान अमेरिकन गाणं, प्रत्येक ओळीत एक ट्रक नाहीतर एक कुत्रा. टर्निप कुटुंबाच्या गॅरेजमध्ये राहायला आली, सगळ्या गावाला नाचवलं, आणि मग एका रात्री जेवताना मेबल टर्निप, म्हणजे घरातली आई, एकच वाक्य बोलली: ‘आमच्या घरात हे शोभत नाही.’ ट्रुडी मेने घास खाली ठेवला, गिटार उचलली, बस पकडली. त्या दिवशी तू सोफ्याच्या तुझ्या कोपऱ्यात इतकी रडलीस की बाबांना वाटलं तुझा गणिताचा पेपर आला. नंतर तूच तिच्या बसच्या गाण्याला मराठी शब्द बसवलेस. ‘बस सुटली गं बाई, धूळ राहिली मागं.’ मी डब्यावर ताल धरायचो. शेजारचे भिंत ठोकायचे, तोही तालातच.

आता ते मंडळाच्या दिवाळीचं काढतोच, टाळून उपयोग नाही. आईने कार्यक्रम बसवलेला, तुला नाट्यगीत दिलेलं, महिनाभर घोटून घेतलेलं. आणि तू, पाया लेबारच्या ऑफिसात सकाळीच राजीनामा देऊन आलेली, नऊवारीवर गुलाबी बूट घालून स्टेजवर गेलीस आणि धरलंस ‘बस सुटली गं बाई’. मागची पोरं शिट्ट्या मारत होती. मी तर खुर्चीवर उभा होतो. पण पुढच्या रांगेत आई बसली होती, आणि पडदा पडल्यावर सगळ्यांसमोर ती काय म्हणाली ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मला फक्त एवढंच तेव्हा कळलं नव्हतं की ते वाक्य जवळजवळ मेबलचंच होतं. तूही घास खाली ठेवलास. तूही बस पकडलीस, इपोहची. आणि त्यानंतर आमच्या घरात तुझं नाव घ्यायची सोय राहिली नाही. आई ‘ती’सुद्धा म्हणत नाही. तुझ्या आवडीची वांगी केली तर ‘आज वांगी मिळाली’ एवढंच म्हणते.

तर गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मी टीव्हीवर तो भाग लावला. मला वाटलं आई उठून आत जाईल. ती उठली, आत गेली, पर्स घेऊन परत आली आणि बसली. बाबा म्हणाले, कार्टून आहे हं, सुनेत्रा. आई म्हणाली, मला दिसतंय, डोळे आहेत.

ताई, त्यांनी काय केलंय माहितीये? टर्निप मंडळी तशीच आहेत. बाप वॉल्ट, त्याचा तोच शर्ट, पोरं त्याच वर्गात, मेबलचा अंबाडा जागच्या जागी. कार्टूनच ते, कुणाचं वय वाढत नाही. पण ट्रुडी मे बसमधून उतरते तेव्हा तिचे केस पांढरे झालेले असतात. तिच्या एकटीचे. मी हसायला लागलो. आई हसली नाही. म्हणाली, जी जाते तिचंच वय वाढतं होय रे? घरात बसलेल्यांचं काय मग, आमचं वाढत नाही?

मग ट्रुडी मे दारात येते. मेबल दार उघडते, बघत राहते. माफी नाही, मिठी नाही, वाद्यं वाजत नाहीत. ‘बटाटे थंड होतायत,’ म्हणते आणि खुर्ची ओढते. बस. ट्रुडी मे बसते, जेवते आणि जेवल्यावर गाते. आणि ताई, बाई बेसूर झालीये! मुद्दामच केलंय, गोष्टच तशी आहे. मला तर ते जास्त आवडलं. पण आई सोफ्यावर पुढे सरकली आणि टीव्हीला म्हणाली, ‘ही वरचा सूर सोडते. गार्गी सोडत नसे.’

गार्गी. तुझं नाव. बाबांच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

अजून संपलं नाही. माझं नाक गळायला लागलं (मिरचीने. बरं, मिरचीने नाही). बघतो तर सोफ्याच्या तुझ्या कोपऱ्यात टिश्यूचं एक नवंकोरं पाकीट ठेवलेलं. मी उचललं. आई अशी ओरडली की पोपटवाल्या आजोबांनाही यिशुनमध्ये ऐकू गेलं असेल: ‘ठेव ते! जागा धरलीय!’ आठवतं ना, हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांपाशी, ती बाबांना रांगेत पिटाळायची आणि आपल्या टेबलावर एक पाकीट टाकून निवांत पंख्याखाली वारा खायला जायची? केवढी गर्दी असो, एवढंसं पाकीट, पण खुर्चीला कुणी हात लावत नसे. तसंच आता तुझ्या कोपऱ्यात ठेवलंय. कुणासाठी, हे ती बोलली नाही. मी शर्टाला नाक पुसलं. काल फोनवर बाबा म्हणाले, अजून तिथंच आहे, आई धूळ पुसते ती पाकीट उचलून, आणि परत ठेवते.

म्हणून लिहितोय. ती फोन करणार नाही, माफीबिफी तर विसरच. पण तिने जागा धरलीय, ताई. तू एकदा ये. बूट घालून ये, मी डबा तयार ठेवतो. थांब हं, बेल वाजली. लिम आंटी ओरडतेय, ‘बॉय आह, युअर मम्मी कम!’

ताई. आई आलीये. इथं, यिशुनला, माझ्या खोलीत! धापा टाकतेय, कुंड्यांकडे बघून नाक मुरडतेय, हातात प्रवासाची बॅग. बाबांनी सांगितलं म्हणे तिला, रुच्या पत्र लिहितोय. मी कागद लपवला तर म्हणाली, ‘लपवू नकोस, मी वाचत नाहीये. पोस्टाने किती दिवस जातील कोण जाणे. दे इकडे. इपोहची सकाळची बस आहे, उलटीची गोळी घेतलीय.’ आता माझ्या पलंगावर बसून ती पत्राचं पाकीट चिकटवायला मागतेय, तेव्हा आवरतो. म्हणजे हे तुझ्या हातात कुणी दिलं ते तुला कळलंच असेल. वाचून झालं असेल तर मान वर कर. माफीची वाट बघू नकोस. बटाटे कर, आणि खुर्ची ओढ.

तुझाच,
रुच्या