सुमन, यंदा ताग वेळेवर गाडला

प्रिय सुमन,

उभ्या जन्मात 'अगं' सोडून तुला हाक मारली नाही, आणि आज कागदावर एकदम 'प्रिय'! पण विहिरीकडच्या रानात ताग गाडून घरी आलो, तर सांगायला कुणीच नव्हतं. लेकीला फोन केला. "बरं झालं, दादा," म्हणाली आणि कामाला लागली. तिला तरी काय कळणार?

चार वर्षांपूर्वी तू राहात्याहून, भावाकडून तागाचं बी आणलंस. म्हणालीस, "ज्वारी पेरेपर्यंत रान उघडं पडतंय, माती भाजून निघतीय. ताग पेरू, फुलावर आला की गाडू. मातीला तेवढंच खत."

"जे खायला न्हाई, विकायला न्हाई, ते पेरायचं? लोक हसत्याल!"

"लोक काय आपल्या रानात कुळवाची पाळी घालायला येत्यात व्हय?"

तू पेरलासच. पिवळा फुलला. रोज म्हणायचीस, ट्रॅक्टर बोलवा. मी सांगायचो, ट्रॅक्टरवाल्याला सवड नाही.

सुमन, ते खोटं होतं. तो पहिल्याच दिवशी तयार होता. शेजारचे बबनराव बांधावरून बघतील, याची मला लाज वाटली. मी दिवस ढकलले आणि तागाच्या काड्या झाल्या. उशिरा गाडल्यावर त्या मातीत कुजल्या नाहीत, पेरताना पाभरीत अडकल्या, ज्वारी विरळ उगवली. बबनरावांनी विचारलं, तेव्हा तुझ्यादेखत म्हणालो, "हिचं खूळ!"

तू चहाचे कप उचलून आत गेलीस. का नाही भांडलीस गं? तुला ठाऊक होतं का सगळं? त्यानंतर तू बियाण्याचं नाव काढलं नाहीस. रानातलं काही विचारलं, की "तुमी ठरवा" एवढंच. मी ते सुख समजत होतो! गेल्या हिवाळ्यात दुखणं आलं आणि तू गेलीस. आता सगळं मीच ठरवतो.

यंदा तुझ्या भावाला फोन लावला. बी मागितलं. "दाजी, पाठवतो," एवढंच बोलला. ताग छातीला लागला तेव्हा मी एकटाच बांधावर बसून राहायचो. दोघांची भाकरी बांधून नेली, असंही एकदा झालं.

आज ट्रॅक्टर चालू असताना बबनराव आले. "मागं फसला हुता ना ह्यो?"

"ताग न्हाई फसला. मीच येळेवर गाडू दिला न्हाई. तिचं काय चुकलं नव्हतं."

त्यांनी वाकून मातीत गेलेला ताग पाहिला. मग म्हणाले, "वहिनी हुत्या तवा बोलायचं हुतं, दत्तू."

त्यांनी जाताना बी कुठं मिळतं ते विचारलं. मी तुझं माहेर सांगितलं.

ज्वारी कशी येईल, मला माहीत नाही. पण शब्द देतो. चांगली आली तर तुझं नाव सांगेन, आणि बिघडली तर माझं.

तुझा,
दत्तू