उदयच्या नावाचं मत

लेस्टर, ११ एप्रिल २००४

प्रिय सुलक्षणा,

दिवाळीनंतर आलेल्या तुझ्या पत्रात एकच ओळ होती. ग्रामपंचायतीला आमच्या उदयच्या नावानं मत कुणी टाकलं, तुला माहीत असेल तर सांग. पाच महिने ते पत्र माझ्या गादीखाली आहे. आपण सातवी नापास, पत्र लिहायचं म्हणजे घाम फुटतो, असं मनाला सांगत बसलो. पण फोनवर तरी कुठं सांगितलं? तू विषय काढलास की मी कार्ड संपत आलंय म्हणून ठेवून द्यायचो.

माझं चाललंय. आपल्या गावच्या दादासाहेबांच्या साडूच्या हॉटेलात तंदूर सांभाळतो. जीव एका जागी रमत नाही तुला माहितीय, पण व्हिसा साडूच्या मुठीत, जाणार कुठं? घरात वर आम्ही चौघं आणि खालच्या खोलीत हुलियान नावाचा सत्तरीचा स्पॅनिश म्हातारा. इस्पितळात ट्रॉल्या ढकलून रिटायर झालेला. त्याच्या देशात हुकूमशाही होती तेव्हा पोटासाठी इकडं आला. पहिलं मत टाकलं तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता म्हणे, त्यासाठी मुद्दाम गावी गेला होता. यंदा मत पोस्टानं पाठवायचं, तरी हा दाढी करून, कोट-टाय चढवून पोस्टात निघाला. आम्ही खिदळलो. मी म्हटलं, बाबा, नवरी कुठली? तर म्हणतो, तुमच्याकडं मत टाकायला कसे जातात रे? मी बूट घालायचं निमित्त करून सटकलो.

मग मार्चात, त्यांच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना माद्रिदला सकाळच्या गाड्यांत बाँब फुटले. दोनशेच्या आसपास माणसं गेली. हुलियानच्या बहिणीची नात त्यात होती, कॉलेजला निघालेली. सरकार म्हणालं, आपल्याच देशातल्या बास्क बंडखोरांचं काम. पुरावे दुसरीकडं निघायला लागले तरी त्यांचा हेका सुटेना. हुलियान मला टीव्हीपुढं बसवून समजवायचा, की बंडखोर ठरले तर मतं सरकारला, आणि सरकारनं सैन्य धाडलेल्या इराकच्या लढाईचा सूड ठरला तर त्यांची खुर्ची गेली. शनिवारी लोक मोबाइलवर मेसेज फिरवून सरकारच्या पक्षाच्या कचेरीपुढं जमले, मत टाकायच्या आधी खरं सांगा म्हणून ओरडत होते. रविवारी सरकार हरलं. मी चहा घेऊन खाली गेलो, म्हटलं, बाबा, तुझं झालं की मनासारखं. त्यानं कप घेतलाच नाही. म्हणाला, पोरगी अजून मातीत गेली नव्हती आणि त्यांनी तिला मतांच्या कामाला लावलं. आता आलेले तरी काय, त्यांना कधी गरज पडली तर तेही लावतील.

सुलक्षणा, मला तिथं उभं राहवेना.

तुझा भाऊ उदय विजेचा शॉक लागून गेला तेव्हा चार खांद्यांत एक माझा होता. यादीतून त्याचं नाव कमी करायचा अर्ज तू भरून ठेवलेलास, काकूंनी सही केली नाही. कुठंतरी असू दे माझ्या लेकाचं नाव, म्हणाल्या. हे मला तूच सांगितलंस, विहिरीवर. आणि मी ते दादासाहेबांच्या बैठकीत सांगितलं. आपल्याजवळही काही आहे हे दाखवायला, बस्स.

काकू दादासाहेबांच्या विरोधात उभ्या, मतदानादिवशी तू त्यांची एजंट म्हणून केंद्रात बसलेलीस. काकूंना चक्कर आली म्हणून मी तुला पळवलं. चक्कर कुणाला आली नव्हती. तुझी खुर्ची रिकामी झाली, मतदान घेणारे साहेब बाहेरगावचे, दादासाहेबांचा एजंट खिडकीबाहेर बघत बसला. शाई पुसली जावी म्हणून बोटाला आधीच मेण चोळलेलं. उदयचं नाव पुकारलं आणि मी हजर म्हटलं. काकू एका मतानं पडल्या. संध्याकाळी तू रडत होतीस आणि मी तुझ्याशेजारी बसून उदयची शपथ घेतली, की मला काही माहीत नाही. चार महिन्यांत माझा पासपोर्ट झाला. साडूला आचारी पाहिजे होता म्हणतात, तू ऐकलं असशीलच.

मागच्या आठवड्यात दादासाहेबांचा फोन आला. लोकसभा आहे, तू तिथंच राहा, तुझं मत आम्ही टाकून घेतो, असं हसत म्हणाले. मी पण सवयीनं हसलो, आणि मग शिफ्टभर हाताला चटके बसत राहिले.

काकूंनी निकालावर घातलेल्या दाव्याची तारीख जूनमध्ये आहे ना? तुमचा वकील म्हणतो साक्षीदार नाही. हे पत्र त्याला दे. फाडून टाकावंसं वाटेल, पण फाडू नकोस. कोर्टानं बोलावलं तर मी येईन. माझा व्हिसा जाईल, जाऊ दे. माफी मागत नाही, ती उदयची मागायची होती. खाली नुसतं तुझाच लिहिलं तर कोर्टात चालणार नाही, आणि तुझ्यापुढंही नाही. म्हणून यादीत आहे तसं पूर्ण नाव लिहून सही करतो. या वेळी माझंच आहे.

नवनाथ सोपान ढेंगळे