आये, तुला ठाऊक होतं

आये, तू गेलीस तेव्हा माझी मुलगी जेमतेम रांगत होती. आता ती दहावीला आहे आणि सकाळी माझी वेणी तीच घालते, कारण माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत. तुला लिहायला बसले खरी, पण आधी काय सांगावं तेच कळेना. तू होतीस तेव्हा तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, तुला वाचता येत नव्हतं. पेनाला चिंधी गुंडाळली की पकड जरा बरी बसते, तरी अर्ध्या पानावर थांबावं लागतं. म्हणून सुट्टीच्या दुपारी थोडं थोडं लिहिते.

आपला जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला त्या वर्षी माझी बोटं धरायला लागली. मी डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात होते, अजूनही आहे. काचेच्या साच्यांवर वाळलेले फुगे ओढून काढायचे, पावडरीत घोळवायचे, रंगाप्रमाणे वेगळे करायचे. काम हलकं दिसतं. पण ओढताना अंगठा आणि पहिलं बोट यांचाच सगळा जोर लागतो, आणि माझी तीच दोन बोटं सकाळी उघडत नव्हती. भांड्याचं झाकण मुलगी काढून द्यायची. दाराची कडी मी कोपराने सरकवायचे. नवरा तोपर्यंत वापीला गेलेला. आधी आठवड्याने यायचा, मग महिन्याने, मग यायचाच बंद झाला. तिथे त्याने दुसरं घर केलंय हे मला शेजारणीकडून कळलं.

तो जायच्या आधीची एक दुपार तुला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथून आहे. बाळंतपणानंतर माझे गुडघे सुजायचे. त्या दिवशी पाण्याची कळशी माझ्या हातातून सुटली आणि ओटीवर पाणी पाणी झालं. सासू दारात उभी होती. ती म्हणाली, "तुझ्या आईने फसवून दिली आम्हाला. दुखण्याची पोर गळ्यात मारली." नवरा खाली बघत होता. मी ओल्या लुगड्यातच उठले आणि म्हणाले, "माझ्या मेलेल्या आईची शपथ घेते. तिने जन्मात कुणाला फसवलं नाही." मला तेव्हा दुखण्याचं काही वाटलं नव्हतं. तुझं नाव घेतलं, त्याचंच लागलं होतं.

मग डॉक्टरकडे गेले. त्यांनी हात दाबून पाहिले, रक्त तपासायला सांगितलं, आणि म्हणाले हा संधिवात आहे, पण म्हातारपणीचा नव्हे, शरीर स्वतःचेच सांधे खातं तसला. "घरात कुणाला होतं?" असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "आईला?" तुझी बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली, करंगळीकडे सगळी कललेली. मी म्हटलं, "आईची बोटं वाकडी होती, पण ती कामाने. नरपडला चिकूच्या वाडीत होती, आणि घरची भातशेती." ते म्हणाले, "कामाने अशी वाकडी होत नाहीत सहसा." मला त्यांचा राग आला. तुझ्या उभ्या जन्माच्या कष्टाला तो माणूस आजार म्हणत होता. घरी येऊन मुलीला सांगितलं, शिकलेल्या लोकांना हाताने काम करणं म्हणजे काय ते माहीत नसतं.

गोळ्या सुरू झाल्या. कारखान्यात एक बाई म्हणाली, अपंगाचा दाखला काढ, सरकारकडून दर महिन्याला काही मिळतं, पोरीच्या शाळेला होईल. मला तो शब्द नकोसा वाटला. तरी गेले. तपासणीचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी खाडा करावा लागतो. पहाटे उठून जीपमध्ये दाटीवाटीने बसायचं, मग रांगेत उभं राहायचं, म्हणून मी निघताना दुखणं मारायची गोळी घेतली. ती घेतली नसती तर मला जीपमध्ये चढताच आलं नसतं. माझी पाळी आली तेव्हा ती नेमकी लागू पडलेली. डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. म्हणाले, "मूठ वळा." मी वळली. "चालून दाखवा." चालले. "काम करता?" "करते." "कसलं?" मी सांगितलं. ते माझ्या हातांकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "ताई, मी आज जे दिसतं तेच लिहू शकतो." टक्के चाळीसच्या खाली आले. चाळीसच्या खाली काही नाही.

तू मला नेहमी सांगायचीस, चारचौघांत कण्हायचं नाही. घरात काय ते घरात. मी त्या खोलीतही कण्हले नाही. चांगली साडी नेसून, मुलीकडून वेणी घालून घेऊन गेले होते. बाहेर आल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, ते बघायला तिथे कोणी नव्हतं.

निराधारांच्या अनुदानाचं विचारायला एका कचेरीतही गेले. तिथला कारकून म्हणाला, "नवरा वारला?" नाही. "सोडचिठ्ठी?" नाही, नुसता गेला. "मग तुम्ही कशात बसता ते सांगा. विधवा नाही, घटस्फोट नाही, अपंगात टक्के नाहीत. वर पगारही आहे." मी म्हटलं, "काम सोडलं तर पोरीने खायचं काय?" तो म्हणाला, "ते बरोबर आहे. पण काम करता म्हटल्यावर निराधार कसं लिहू?" त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच्यावर चिडताही येईना. घरी येताना मनात एकच घोळत होतं, की मी हात गमावून बसले आणि तरी रोज कामाला जाते, हीच माझी चूक ठरली.

दोन-अडीच वर्षं गेली. अपंगांचा कायदा नवा झाला असं कारखान्यात कुणीतरी म्हणालं. आता मनगटंही वाकली होती. माझ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, "पुन्हा तपासणीला जा. ह्या वेळी गोळी न घेता जा. आणि दुखणं केव्हापासून आहे त्याचा जुना काही कागद असेल तर तोही न्या." लग्नाआधीही थंडीत माझी बोटं दुखायची, पण तेव्हा आपण कुठे दाखवलं होतं का ते मला आठवेना. म्हणून मी मावशीकडे गेले.

तलासरीच्या पुढे पाड्यावर तिचं घर आहे तसंच आहे. ती चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होती. मला बघून उठली नाही, तिचेही गुडघे गेलेत. मी मागच्या भिंतीला टेकून बसले आणि सहज विचारलं, मी लहान असताना आये मला कुठल्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती का. मावशीचा हात भाकरीवर थांबला.

"तुला नाय नेली," ती म्हणाली. "तिला मी नेली होती."

"कुणाला?"

"तुझ्या आयला. तिची बोटं सुजायला लागली तेव्हा. डॉक्टरीणबाई होती. तिनं सांगितलं हा घरातून येतो. पोरीला हाय का असा विचारलं. तुझी आय म्हणली, हाय थोडा. तवा ती बाई म्हणली, पोरीला लवकर आन, आता गोळ्या चालू केल्या तर हाडं वाचतील."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. तुझं लगीन ठरत होतं."

ती पुढे जे बोलली ते मी घरी येईपर्यंत मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, चुकीचं ऐकलं की काय म्हणून. तू स्वतः गोळ्या घेत होतीस. मावशी डहाणूहून आणून द्यायची आणि तू त्या भाताच्या कणगीमागे ठेवायचीस. मला गोळ्या दिल्या असत्या तर सासरी कळलं असतं. मला तू निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचीस. चुलीजवळ बसवून, हळू हळू फडकं गुंडाळायचीस, फुंकर घालायचीस. म्हणायचीस, "थंड पान्यात हात घातलास ना बाय, म्हनून. कोनाला सांगू नको." मी तुझ्या मांडीवर हात ठेवून झोपून जायचे. आये, माझ्याकडे तुझी जी माया शिल्लक आहे ती बहुतेक त्या पाल्याचीच आहे.

आणि विवळवेढ्याची जत्रा. तू मला हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन दिल्या होत्यास. बांगडीवाल्याने माझा हात दाबून दाबून पाहिला, बांगडी हाडावरून सरकेना, मला दुखलं म्हणून मी हात मागे घेतला. तू त्याला म्हणालीस, "मोठ्या दे, हाडापेरानं मोठी हाय माझी पोर." किती कौतुकाने म्हणाली होतीस. मी ते वाक्य वर्षानुवर्षं जपलं. माझ्या मुलीला सांगितलं, तुझी आजी मला हाडापेराची म्हणायची. आता मला त्या बांगडीवाल्याच्या पालासमोर उभी असलेली तू दिसतेस, आणि तुझ्या तोंडाकडे बघून कळतं की माझी बोटं सुजलीत हे तुला त्या क्षणीही माहीत होतं.

मी मावशीला विचारलं, "तुम्ही तरी सांगायचं." ती म्हणाली, "तिनं माझ्याकडून शबूद घेतला होता. आन तू नांदत होतीस. मला वाटला, आता कशाला." मग भाकरी उलटत म्हणाली, "तिला वाटला, एकदा पोर झाली की नवरा टाकत नाय." मी भाकरी खाल्ली नाही. तिने फडक्यात बांधून दिली, ती घेतली.

सासू खरं बोलत होती, आये. ज्या बाईला मी आजवर शिव्या घालत आले ती खरं बोलत होती, आणि मी तिच्यासमोर तुझी शपथ घेतली होती. नवरा तसाही गेला असता कदाचित. ते मला माहीत नाही. पण तू माझे हात देऊन ते लग्न विकत घेतलंस, आणि ते लग्नही राहिलं नाही. तू अडाणी होतीस, गरीब होतीस, चार लोक काय म्हणतील त्याला घाबरत होतीस, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. त्यावर दर वेळी एकच गोष्ट उभी राहते, की तुझ्या गोळ्या तू घेतल्यास.

दुसऱ्या तपासणीला मी गोळी न घेता गेले. मुलगी बरोबर होती, तिने शाळा बुडवली. मूठ वळली नाही. "घरात कुणाला?" असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "आईला होतं." बोलताना आवाज फुटला, डॉक्टरांना वाटलं दुखतंय. या वेळी टक्के चाळीसच्या वर आले. दाखला मिळाला. एसटीत सवलत मिळते, शेठने मला ओढायच्या कामावरून काढून बसून रंग निवडायला लावलं. अनुदान मात्र अजून नाही. पगार आड येतो, आणि पगार मी सोडणार नाही. दर काही महिन्यांनी जाऊन विचारते. तो कारकून अजून तिथेच आहे, अजून खुर्ची देतो.

मुलगी मोठी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, तुझंही. ती काही दिवस तुझ्या फोटोकडे बघत नव्हती. मग यंदा उन्हाळ्यात तिलाही तपासून आणायचं ठरवलं. तिचं काही दुखत नव्हतं, पण मी थांबणार नव्हते. आम्ही दोघी निघालो तर गल्लीच्या तोंडाशी शेजारीण भेटली, तिचा भाचा लग्नाचा आहे आणि ती चेष्टेत माझ्या मुलीला सून म्हणते. तिने विचारलं, "कुठे निघाल्या मायलेकी?" मी म्हटलं, "बाजारात. हिला चपला घ्यायच्यात."

कुणी शिकवल्यासारखं पटकन निघालं ते. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मग आता चपला घेच." तिचं रक्त चांगलं निघालं, डॉक्टर म्हणाले वर्षाने पुन्हा दाखवा. येताना चपला घेतल्या, काळ्या, पट्ट्यांच्या.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून सांगते. शेजारणीने त्या चपला बघून छान आहेत म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं, आये. खोटं पचलं म्हणून बरं वाटलं.